झोप मिळत नाही की झोप येत नाही? निद्रानाशावर पायरीपायरीने काम कसे करावे

झोपेची तक्रार दोन तऱ्हांची असते आणि दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. एका तऱ्हेत झोपायला वेळच मिळत नाही. पहाटेची लोकल गाठायची असते, रात्री ओटा आवरून पाठ टेकेपर्यंत साडेअकरा वाजतात, मधल्या वेळात जेवढे डोळे मिटतील तेवढे मिटायचे. दुसऱ्या तऱ्हेत वेळ आहे, गादी आहे, दिवे बंद आहेत, घर शांत आहे आणि तरी माणूस कूस बदलत छताकडे पाहत पडलेला आहे. पहिल्याला अंथरुणात जास्त वेळ हवा. दुसऱ्याला, वाचताना उलटे वाटेल, पण अंथरुणात कमी वेळ हवा.

घरात मात्र दोघांनाही एकच सल्ला मिळतो: "लवकर पडत जा." पहिल्याला तो लागू पडतो. दुसऱ्याचा निद्रानाश त्याच सल्ल्याने मुरतो. या लेखाचा भर दुसऱ्या तऱ्हेवर आहे. तिच्यावर औषधाविना चालणारा खात्रीचा उपाय आहे, अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या वैद्यकीय संघटना तो गोळीच्या आधीचा, पहिला उपाय म्हणून सांगतात, आणि आपल्याकडे तो फार थोड्या लोकांपर्यंत पोहोचतो. हे मला मनापासून खटकते.

आधी आपली तक्रार कोणती ते ओळखा

सुट्टीच्या दिवशी, डोक्याला कटकट नसताना, अंथरुणाला पाठ टेकली की काय होते ते आठवा. पाच मिनिटांत झोप लागत असेल, रविवारी साडेनऊपर्यंत जाग येत नसेल, दुपारी बसल्या बसल्या डुलक्या येत असतील, तर तुमची झोप कमी पडते आहे. तुम्हाला निद्रानाश नाही, वेळेची टंचाई आहे.

संधी असूनही झोप लागत नाही, किंवा लागली तरी रात्री दोन-तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, किंवा पहाटे फार लवकर झोप उडते, आणि त्यामुळे दुसऱ्या दिवशी थकवा, चिडचिड, कामात चुका असे काही होते. असे आठवड्यातून किमान ३ रात्री आणि किमान ३ महिने चालले असेल, तर त्याला डॉक्टर दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. त्याहून कमी काळाचा असेल तर तो बहुधा एखाद्या तात्कालिक कारणाचा असतो: परीक्षा, घरातले आजारपण, नोकरीची धास्ती, जवळच्या माणसाचा मृत्यू.

तिसरा एक प्रकार सहज निसटतो. आजोबा साडेआठला झोपतात, साडेतीनला उठून बसतात आणि "मला झोपच नाही" म्हणतात. हिशेब केला तर त्यांची ७ तास झोप झालेली असते. तसाच रात्री दोनला झोपणारा आणि सकाळी दहाशिवाय न उठणारा कॉलेजचा मुलगा. दोघांची झोप पुरेशी आहे, फक्त तिची वेळ सरकलेली आहे. आजोबांनी संध्याकाळी उजेडात फिरायला जावे आणि झोपायची वेळ हळूहळू पुढे न्यावी. मुलाने सकाळी उठल्या उठल्या अंगणात किंवा गच्चीवर उजेड घ्यावा आणि उठण्याची वेळ रोज थोडी अलीकडे आणावी.

झोप कमी पडली की शरीरात काय होते

प्रौढ माणसाला नियमितपणे ७ तास किंवा त्याहून अधिक झोप लागते. "मला पाच तास पुरतात" म्हणणारे बहुतेक लोक त्या थकव्याला सरावलेले असतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २००३ सालच्या प्रयोगात निरोगी माणसांना १४ दिवस रोज ६ तास किंवा ४ तासच झोपू दिले. दोन आठवड्यांनी त्यांची एकाग्रता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी ढासळली होती. त्यांना स्वतःला मात्र पहिल्या काही दिवसांनंतर झोप आणखी कमी पडते आहे असे फारसे वाटत नव्हते. कमी झोपेने झालेले नुकसान आतून जाणवत नाही, म्हणून ती अधिक धोक्याची.

साखरेचे पाहा. शिकागो विद्यापीठात १९९९ साली निरोगी तरुणांना सलग ६ रात्री फक्त ४ तास झोपू दिले. त्यांच्या रक्तातली साखर हाताळण्याची शरीराची क्षमता तेवढ्यात मंदावली. त्याच गटाने २००४ साली दाखवले की दोनच रात्री ४-४ तास झोप झाली तरी पोट भरल्याची खूण देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरते आणि भूक वाढवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढते. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी वडापाव, फरसाण, गोड चहा यांकडे हात आपोआप जातो, त्यामागे हे आहे. घरात मधुमेह असणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी.

प्रतिकारशक्तीवरही परिणाम होतो. २०१५ साली छापलेल्या एका प्रयोगात १६४ जणांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. आधीच्या आठवड्यात ६ तासांपेक्षा कमी झोपलेल्यांना सर्दी होण्याची शक्यता ७ तासांहून जास्त झोपलेल्यांच्या तुलनेत चौपटीहून अधिक निघाली. रक्तदाब एरवी रात्री १० ते २० टक्क्यांनी उतरतो; झोप तुटकी असेल तर हा उतार नीट होत नाही आणि हृदयाला रात्रीची विश्रांती मिळत नाही.

मनाचे तर विचारूच नका. निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या दुप्पट असतो. नैराश्याने झोप जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. आधी झोप जाते आणि मग नैराश्य येते असेही घडते, हे कमी लोकांना ठाऊक आहे. म्हणून झोपेवर वेळीच उपचार करणे हे मनाच्या आरोग्याचेही काम आहे.

इथे निद्रानाश असलेल्या वाचकाला थांबवून एक गोष्ट सांगायला हवी. वरचे बहुतेक प्रयोग निरोगी माणसांना मुद्दाम जागवून केलेले आहेत. ते वाचून रात्री "आता मला मधुमेह होणार, हृदयविकार होणार" अशी भीती घेऊन पडलात, तर ती भीतीच जागे ठेवेल. निद्रानाशात माणूस जितका झोपला असे त्याला वाटते, त्यापेक्षा बहुतेकदा बराच जास्त झोपलेला असतो. एखादी वाईट रात्र शरीर भरून काढते. पुढच्या रात्री गाढ झोपेचा वाटा वाढतो. धोका वर्षानुवर्षे उपचाराविना राहण्यात आहे, आज रात्री नाही.

गाडीचा प्रश्न मात्र आजचाच आहे

सलग १७ तास जागे असलेल्या माणसाची चपळाई १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी होते, हे १९९७ साली मोजले गेले. भारतात गाडी चालवण्यासाठी मद्याची कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून दिवसभर ऑफिस करून रात्री अकराला पुण्याहून गावाकडे निघालेला, थेंबभरही न प्यायलेला माणूस त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत चाक हाती घेतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना ४ सेकंदांची झापड आली तर गाडी ११० मीटरच्या वर अंतर डोळे मिटून कापते. समृद्धी महामार्गासारख्या सरळ, एकसुरी, ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर झापड यायला वेळ लागत नाही.

काच खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे यांचा परिणाम काही मिनिटेच टिकतो. खरोखर काम करते ते हे: गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवा, एक कप कॉफी प्या आणि लगेच १५-२० मिनिटे डोळे मिटा. कॉफीचा असर सुरू होईपर्यंत डुलकी पूर्ण होते. पहाटे दोन ते सहा या वेळेत शक्यतो प्रवासच ठेवू नका. "लवकर निघू म्हणजे ट्रॅफिक लागणार नाही" या हट्टापायी अख्खे कुटुंब अर्धवट झोपेतल्या चालकाच्या हवाली होते.

झोप लागते कशी, थोडक्यात

झोप दोन गोष्टींच्या मेळाने लागते, अशी मांडणी स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ साली केली आणि ती आजही टिकून आहे. पहिली गोष्ट झोपेचा दाब. जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचे, झोप आणणारे रसायन साठत जाते, जितके जास्त तास जागे तितका दाब जास्त. दुपारची लांब झोप हा दाब उतरवते. चहा-कॉफीतले कॅफिन तो लपवते. दुसरी गोष्ट मेंदूतले जैविक घड्याळ. ते मुख्यतः सकाळच्या उजेडावर आणि उठण्याच्या वेळेवर लागते.

तिसरी गोष्ट निद्रानाशात शिरते: जागेपणाची सवय. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली सहकाऱ्यांसह मांडलेला मुद्दा इथे फार मोलाचा आहे. निद्रानाश ज्या कारणाने सुरू होतो त्याच कारणाने तो टिकतो असे नाही. सुरुवात वडिलांच्या आजारपणाने झाली असेल. वडील बरे होऊन सहा महिने झाले, झोप परतली नाही. का? कारण मधल्या काळात माणूस झोप भरून काढण्यासाठी नऊलाच आडवा व्हायला लागला, सकाळी उशिरापर्यंत लोळायला लागला, दुपारी दीड तास झोपायला लागला. प्रत्येक उपाय समजूतदारपणाचा वाटतो आणि प्रत्येक उपाय रात्रीच्या झोपेचा दाब काढून घेतो. मग अंथरुणातले जागे तास वाढतात आणि गादी दिसली की मेंदू सावध होतो. सोफ्यावर टीव्हीसमोर पेंगणारा माणूस खोलीत जाऊन आडवा झाला की टक्क जागा होतो, ते यामुळेच.

पुढच्या पायऱ्या या सवयी उलटवण्यासाठी आहेत. सुरुवातीला सांगितलेला औषधाविना चालणारा उपाय तो हाच. त्याला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे निद्रानाशासाठी विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती. साधारण सहा ते आठ आठवडे लागतात.

पहिली पायरी: दोन आठवड्यांची वही

साधी वही घ्या. रोज सकाळी, चहाच्या वेळी, अंदाजाने लिहा: किती वाजता अंथरुणात गेलो, झोप लागायला साधारण किती वेळ लागला, मध्ये किती वेळ जागे होतो, शेवटची जाग केव्हा आली, अंथरुणातून उठलो केव्हा, दुपारी किती झोपलो, शेवटचा चहा केव्हा, गोळी किंवा मद्य घेतले का. रात्री घड्याळ पाहून लिहू नका. अंदाज पुरेसा आहे, रात्री घड्याळ पाहण्याची सवयच मोडायची आहे.

मनगटावरच्या घड्याळातले झोपेचे आकडे तूर्त बाजूला ठेवा. गाढ झोप किती, स्वप्नांची झोप किती हे त्यांना फारसे अचूक सांगता येत नाही, आणि सकाळी उठून "आज ६२ गुण" वाचून दिवस खराब करून घेणारे लोक वाढत आहेत.

दुसरी पायरी: दुसरा आजार नाही ना, ते पाहा

ही पायरी गाळू नका. काही कारणे तपासणीनेच कळतात.

मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे, गुदमरून जाग येणे, सकाळी डोके जड असणे, दिवसा झापड येणे: ही झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची, स्लीप ॲप्नियाची लक्षणे आहेत. आपल्याकडे घोरणे म्हणजे गाढ झोप असा समज आहे. तो चुकीचा आहे. अशा माणसाला झोपेची गोळी देणे धोक्याचे असते. शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा, शक्य असेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवा. स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची रात्रभराची तपासणी, करून निदान होते आणि मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या सीपॅप यंत्राने पुष्कळ फरक पडतो.

रात्री पडल्यावर पायांत वळवळ, मुंग्या, पाय हलवावेसे वाटणे आणि हलवले की बरे वाटणे: हे रेस्टलेस लेग्ज. त्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले, तेव्हा बायकांनी ही तक्रार "पाय दुखतात" म्हणून सोडून देऊ नये. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगा.

थायरॉइड वाढलेले असणे, छातीत जळजळ, दमा, प्रोस्टेटमुळे रात्री वारंवार लघवीला उठणे, सांधेदुखी, पाळी जाण्याच्या काळातल्या गरम वाफा आणि घाम, यांनीही झोप तुटते. चालू औषधेही तपासून घ्या. स्टेरॉइड आणि नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्या संध्याकाळी घेतल्या तर झोप उडवतात. वेळ बदलून चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

तिसरी पायरी: उठण्याची वेळ पक्की करा

झोपण्याची वेळ आपल्या हाती नसते, उठण्याची असते. म्हणून सुरुवात सकाळपासून. एक वेळ ठरवा आणि रविवारी, सणाला, वाईट रात्रीनंतरही त्याच वेळेला उठा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत वीस-तीस मिनिटे बाहेरच्या उजेडात राहा. गॅलरीत चहा, दूध आणायला चालत जाणे, झाडांना पाणी घालणे, काहीही चालेल. ढगाळ पावसाळी दिवसाचा बाहेरचा उजेडही घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त असतो.

चौथी पायरी: अंथरुणातला वेळ आवळा

ही सगळ्यात कठीण आणि सगळ्यात गुणकारी पायरी आहे, म्हणून उदाहरण सविस्तर घेऊ.

समजा, ५२ वर्षांच्या एक बाई रात्री साडेनऊला अंथरुणात जातात आणि सकाळी साडेसहाला उठतात. वहीप्रमाणे त्यांची प्रत्यक्ष झोप सरासरी साडेपाच तास. अंथरुणातले तास ९, झोपेचे साडेपाच. म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी ६१ टक्केच वेळ झोप. हे प्रमाण ८५ टक्क्यांवर न्यायचे आहे.

त्यांनी उठण्याची वेळ सकाळी ६ ठरवली. झोपेची चौकट, म्हणजे अंथरुणात घालवायचा ठरलेला वेळ, सरासरी झोपेपेक्षा अर्धा तास जास्त, म्हणजे ६ तासांची. मग अंथरुणात जाण्याची वेळ रात्री १२. त्याआधी गादीवर पाठ टेकायची नाही. दुपारी झोपायचे नाही. डोळे जड झाले तरी साडेदहाला आडवे व्हायचे नाही. कपडे घड्या करणे, उद्याची भाजी निवडणे, हलके वाचन असे काही चालू ठेवायचे.

आठवड्याने हिशेब करायचा. ६ तासांपैकी ५ तास २० मिनिटे झोप झाली असेल तर प्रमाण ८९ टक्के झाले. मग चौकट १५ मिनिटांनी वाढवायची, पावणेबाराला झोपायचे. प्रमाण ८० ते ८५ च्या मध्ये असेल तर आहे तसेच ठेवायचे. ८० च्या खाली असेल तर १५ मिनिटे कमी करायची. असे दर आठवड्याला, दिवसा ताजेतवाने वाटू लागेपर्यंत. चौकट साडेपाच तासांच्या खाली कधीही नेऊ नका, वहीत झोप चार तासच दिसत असली तरी.

पहिले दहा-पंधरा दिवस दिवसा फार झोप येईल. उपाय बिघडला म्हणून ती येत नाही, दाब साठतो आहे म्हणून येते. बहुतेक लोक नेमके इथे सोडून देतात. घरच्यांना आधी सांगून ठेवा, कारण "आधीच झोप नाही आणि आता बारापर्यंत जागते?" असा प्रश्न येणारच. लग्नसराई किंवा वर्षअखेरची कामे नसतील असे पंधरा दिवस निवडा.

काहींनी ही पायरी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये: फिट्सचा आजार, बायपोलर आजार, झोपेत चालण्याची सवय, उपचार न झालेला स्लीप ॲप्निया, गरोदरपण, तसेच ट्रक-बस-रिक्षा चालवणारे आणि उंचीवर किंवा यंत्रावर काम करणारे. वारंवार तोल जाणाऱ्या वृद्धांनीही सांभाळून.

पाचवी पायरी: अंथरूण फक्त झोपेसाठी

झोप आल्याशिवाय अंथरुणात जाऊ नका. थकवा वेगळा आणि झोप वेगळी. डोळे मिटू लागतात, मान कलते ती झोप. साधारण २० मिनिटे झोप लागत नाही असे वाटले, किंवा मन वैतागायला लागले, की उठा. मंद दिव्यात दुसरीकडे बसा, कंटाळवाणे काही करा, झोप आली की परत या. पुन्हा नाही लागली तर पुन्हा उठा. पहिल्या रात्री चार-पाच वेळा उठावे लागेल. ही पद्धत रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ साली सांगितली आणि तिच्याइतके पुरावे फार थोड्या उपायांमागे आहेत.

परदेशी लेखांत "दुसऱ्या खोलीत जा" लिहिलेले असते. एका खोलीत पाच माणसे झोपणाऱ्या घरात दुसरी खोली कुठून आणायची? तिथे असे करा: दिवसा गादी गुंडाळून ठेवा, तिच्यावर बसून जेवण, अभ्यास, मोबाइल काही नको. रात्री उठावे लागले तर स्वयंपाकाच्या कोपऱ्यात, उंबऱ्यापाशी किंवा चाळीच्या गॅलरीत एक खुर्ची किंवा पाट ठेवा. तेही शक्य नसेल तर निदान गादीवर उठून भिंतीला टेकून बसा. आडवे पडून झगडू नका.

घड्याळ आणि मोबाइल हाताला न लागेल, डोळ्याला न दिसेल असे ठेवा. "तीन वाजले, आता तीनच तास राहिले" हा हिशेब उरलीसुरली झोप पळवतो.

सहावी पायरी: डोक्यातली गर्दी

रात्री मनात येणारे विचार दिवसा जागा न मिळाल्यामुळे रात्री येतात. संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास पंधरा मिनिटे वही घेऊन बसा. डाव्या बाजूला काळजी, उजव्या बाजूला तिच्यासाठी उद्या करायची एक छोटी कृती. मुलीची फी: उद्या शाळेत फोन. आईचा गुडघा: शनिवारी डॉक्टरांची वेळ. ज्याला कृती नाही तिथे "आज काही करता येत नाही" असे लिहा. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी लिहिणारे लोक लवकर झोपतात, हे प्रयोगातही दिसले आहे.

झोपण्याचा प्रयत्न करणे हेच झोपेच्या आड येते. म्हणून अंथरुणात असताना उलट करून पाहा: दिवा बंद, अंग सैल, पण डोळे उघडे ठेवून शांतपणे जागे राहायचे असे ठरवा. मुद्दाम झोपायचे नाही. धडपड संपली की झोप बऱ्याचदा आपणच येते. योगनिद्रा, भ्रामरी, नामस्मरण, संथ श्वास, जे तुम्हाला रुचेल ते करा, पण शांत वाटण्यासाठी. "याने झोप लागलीच पाहिजे" अशी अट घालून नव्हे.

चहा, मोबाइल, जायफळ आणि इतर

कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण ५ तास लागतात. निद्रानाश असेल तर दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद. मद्याने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते, शिवाय घोरणे वाढते. मोबाइलच्या निळ्या उजेडापेक्षा त्यात दिसणाऱ्या गोष्टी जास्त जागवतात: ऑफिसचा ग्रुप, भांडणे, बातम्या. जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी.

तळपायाला तेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीने चोळण्याची आपली पद्धत चांगली आहे. पाय उबदार झाले की त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप लागायला मदत होते. कोमट पाण्याने अंघोळ झोपेआधी तास-दोन तास केली तर तिचाही तोच उपयोग. दुधात जायफळ चिमूटभरच. जास्त झाले तर धडधड, भ्रम, उलट्या असे विषारी परिणाम होतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात "खोली १८ अंश ठेवा" हा सल्ला निरर्थक आहे. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारणे, कूलर किंवा पंख्यासमोर ओला पंचा, सुती चादर आणि मच्छरदाणी यांनी जेवढे जमेल तेवढे करा.

गोळ्यांबद्दल

अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्या कायद्याने चिठ्ठीशिवाय मिळता कामा नयेत. तात्पुरत्या संकटात, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांनी दिल्या तर त्यांचा उपयोग आहे. अडचण पुढे येते: महिने लोटतात, तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा दाखवली जाते, शेजारणीची गोळी अर्धी करून घेतली जाते. वृद्धांमध्ये या गोळ्यांनी तोल जातो, पडून खुब्याचे हाड मोडते, विसराळूपणा वाढतो. मद्यासोबत श्वास मंदावू शकतो.

अनेक महिने गोळी चालू असेल तर ती एका दिवसात बंद करू नका. फिट येऊ शकते, झोप पूर्वीपेक्षा वाईट होते. डॉक्टरांसोबत टप्प्याटप्प्याने, आठवडे किंवा महिने घेऊन कमी करा आणि त्याच काळात वरच्या पायऱ्या चालू ठेवा. मेलाटोनिन (रात्र झाल्याची खूण देणारे संप्रेरक, गोळीच्या रूपात) सरकलेल्या वेळेसाठी आणि लांबच्या विमानप्रवासानंतर उपयोगी पडते, जुन्या निद्रानाशात त्याचा परिणाम तोकडा आहे. सर्दीच्या गोळीने येणारी गुंगी म्हणजे उपचार नव्हे. घटक न छापलेल्या पुड्या तर अजिबात घेऊ नका.

ज्यांना वेळच मिळत नाही त्यांच्यासाठी

रात्रपाळी करणारे, हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर बसणारे, आणि शेतीची वीज रात्री येते म्हणून मोटार चालू करायला उठणारे शेतकरी यांना वरची चौकट लागू नाही. त्यांना झोप जमवून घ्यायची आहे. पाळीला जाण्यापूर्वी संध्याकाळी दीड तास झोपा. पाळीच्या उत्तरार्धात चहा नको. घरी येताना गॉगल लावा, आल्यावर लगेच झोपा, खिडकीला जाड पडदा किंवा डोळ्यांवर पट्टी. घरच्यांनी ती झोप रात्रीच्या झोपेइतकीच मानावी. दुपारी बाराला "जरा गॅसवाला आलाय बघ" म्हणून उठवू नये.

बाळंतिणीची झोप तुटते ती बाळामुळे, आणि उपाय घरच्यांकडे आहे: रात्रीचे काही तास बाळ दुसऱ्याने सांभाळावे, आईला सलग चार तास तरी मिळावेत. पण बाळ शांत झोपलेले असतानाही आईला रात्रीमागून रात्री झोप लागत नसेल आणि सोबत उदासी असेल, तर तिला डॉक्टरांकडे न्या. ती अजिबात न झोपता अचानक फार उत्साही, असंबद्ध बोलणारी, संशयी झाली असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

किशोरवयीन मुलांना ८ ते १० तास झोप लागते. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असे सांगितले, ते योग्यच झाले. मोठ्या मुलांच्या सकाळच्या क्लासबद्दल मात्र पालकांनाच ठरवावे लागेल.

डॉक्टरांकडे केव्हा

घोरण्यासोबत श्वास थांबणे, दिवसा गाडी चालवताना झापड, सहा-आठ आठवडे नीट करूनही फरक नाही, किंवा सततची उदासी: यांतले काहीही असेल तर जा. जाताना झोपेची वही आणि चालू औषधांची यादी न्या. आधी कुटुंबाचे डॉक्टर, मग गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञ किंवा छातीविकारतज्ज्ञ. जगणे नकोसे वाटत असेल तर थांबू नका. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही बोलता येते.

पुन्हा बिघडली तर

बरे झाल्यावरही आजारपण, बदली, घरातले कार्य अशा निमित्ताने चार-आठ रात्री वाईट जातील. त्या काळात फक्त दोन गोष्टी पाळा: सकाळी ठरल्या वेळेला उठा, आणि झोप भरून काढायला लवकर आडवे होऊ नका. बहुतेकदा तेवढ्यानेच घडी बसते. दोन-तीन आठवड्यांत नाही बसली, तर वही काढा, आठवडाभराची सरासरी मोजा आणि चौथ्या पायरीपासून सुरू करा.